जिभेवरची साय आणि यीस्टची भिंत

यंदाच्या जुलैतली गोष्ट. आमच्या आळीतले एक निवृत्त एस. टी. कंडक्टर सकाळीच दवाखान्यात आले. त्यांना सगळा गाव नाना म्हणतो, मीही नानाच म्हणतो. वय सत्तरीच्या पुढे, दम्याचा जुना त्रास. एरवी दारातूनच "काय डॉक्टर, जागा आहे का?" असे विचारत येणारा हा माणूस त्या दिवशी तोंडावर रुमाल धरून मुकाट्याने बाकावर बसला. बरोबर सूनबाई होत्या. त्यांनीच सांगितले, "आठ दिवस झाले, धड जेवत नाहीत. भाकरी टोचते म्हणतात. चहासुद्धा पाण्यासारखा गार करून घेतात."

बॅटरी लावून तोंडात पाहिले. जीभ, टाळू, गालांच्या आतली बाजू, सगळीकडे दह्याच्या कवडीसारखे पांढरे थर. नानांनी ऐन उमेदीत तीस वर्षे गालात तंबाखू धरलेली. माझा चेहरा पाहून ते हळूच म्हणाले, "डॉक्टर, खरे काय ते सांगा. कॅन्सरच ना?"

येथे मला वाचकांजवळ एक कबुली दिली पाहिजे. दहा दिवसांपूर्वी नाना "तोंड आलंय" म्हणून माझ्याकडेच आले होते. साथीचे दिवस, दवाखाना भरलेला. मी बॅटरी न लावताच ओझरते पाहिले आणि प्रतिजैविकाच्या गोळ्या व बी-कॉम्प्लेक्स लिहून दिले. त्या गोळ्यांनी दुखणे कमी होण्याऐवजी वाढले. मधल्या काळात शेजारच्या कोणी सांगितले की हे सगळे त्या दम्याच्या फवाऱ्यामुळे होते. नानांनी फवारा बंद करून टाकला. परिणाम असा की दोन रात्री त्यांनी खिडकीचे गज धरून, बसून श्वास ओढत काढल्या. तोंडाच्या दुखण्याने नाही, पण या दम्याने माणूस हातचा गेला असता.

लाकडी पट्टीने जिभेवरचा थर हलकेच खरवडला. तो निघून आला आणि खाली लालबुंद जागा दिसली. माझा निम्मा जीव भांड्यात पडला, कारण तंबाखूने येणारा पांढरा चट्टा असा खरवडून निघत नाही. खरवडलेला अंश काचपट्टीवर घेतला, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या दहा टक्के द्रावणाचा थेंब टाकला, आणि थोड्या वेळाने काचपट्टी माझ्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. हे यंत्र मी दवाखाना सुरू केला तेव्हा सेकंडहँड घेतले होते. आता सगळे नमुने लॅबमध्ये जातात, त्यामुळे ते कपाटावर धूळ खात असते. त्या दिवशी त्याने माझी लाज राखली.

मी नानांनाही पाहायला लावले. एक डोळा मिटून बराच वेळ पाहिल्यावर ते म्हणाले, "अंडी दिसतात. एकेका अंड्याला बारके अंडे चिकटलेले. आणि मधूनमधून शेवया." वर्णन अचूक होते. मी त्यांना सांगितले की हे द्रावण इतके तिखट आहे की तुमच्या तोंडाच्या ज्या पेशी खरवडून आल्या त्या त्यात विरघळत चालल्या आहेत. ही अंडी आणि शेवया तेवढ्या शाबूत आहेत, म्हणून तर त्या ओळखू येतात. यावर नानांनी जो प्रश्न विचारला त्यावरून आजचा लेख सुचला. ते म्हणाले, "माझी कातडी विरघळते आणि ही बारकी बुरशी विरघळत नाही? अशी काय भिंत आहे तिच्याभोवती?"

भिंत हाच अगदी योग्य शब्द आहे. यीस्ट म्हणजे एका पेशीची बुरशी. बेकरीत पावासाठी वापरतात ते यीस्ट आणि नानांच्या जिभेवर माजलेले कँडिडा अल्बिकन्स हे दोघे नात्यातले. एक कष्टाळू, दुसरे संधिसाधू. पावाच्या यीस्टचे शास्त्रीय नाव सॅकरोमायसिस, म्हणजे साखरेची बुरशी. १८३०च्या दशकात जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वान यांनी साखरेची दारू करणाऱ्या या जिवाला तसे म्हटले आणि नाव चिकटले. भिंतीचा सर्वाधिक अभ्यास याच पावाच्या यीस्टवर झाला, कारण ते निरुपद्रवी आहे आणि खाणे मिळाले की सुमारे दीड तासात एकाचे दोन होते.

आकार म्हणाल तर एका केसाच्या जाडीत अशा दहा-बारा पेशी शेजारीशेजारी बसतील. त्या पेशीभोवतीची भिंत आणखी कितीतरी पातळ. एका मिलिमीटरचे दहा हजार भाग केले तर त्यातले एक-दोन. पण पेशी वाळवून वजन केले तर सुमारे १५ ते ३० टक्के वजन या भिंतीचेच भरते. आपल्या मिळकतीतला एवढा वाटा घरावर घालणारा माणूस आपण हौशी म्हणू. यीस्टला मात्र दुसरा उपाय नाही.

का नाही, ते सायकलच्या दुकानात गेले की समजते. ट्यूब टायरमध्ये असते तोवर कितीही हवा भरा, चाकाचा आकार बदलत नाही. तीच ट्यूब बाहेर काढून हवा भरत राहिलात तर ती कुठेतरी फुगते आणि फुटते. यीस्टच्या पेशीत क्षार, साखर, प्रथिने दाटीने भरलेली असतात, त्यामुळे बाहेरचे पाणी सारखे आत ओढले जाते, पाण्यात टाकलेल्या मनुका फुगतात तसे. पेशीचा आतला तेलकट पडदा ही ट्यूब. तो एकटा हा दाब सोसू शकत नाही. बाहेरची भिंत हे टायर. प्रयोगशाळेत १९५०च्या दशकापासून एक प्रयोग होत आला आहे. गोगलगायीच्या पोटातील पाचक रस यीस्टवर घातला की भिंत पचून जाते. मग ती अंडाकृती पेशी गोल गोळी होते, आणि साध्या पाण्यात टाकली की फटकन फुटते. दाट द्रावणात जपून ठेवली तर मात्र जगते आणि सोय झाली की पुन्हा भिंत बांधायला घेते. म्हणजे अंड्याचा आकार पेशीच्या अंगचा नव्हे, तो भिंतीने दिलेला.

ही भिंत विटांची नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर ज्यांनी कारवीचे कूड पाहिले आहेत त्यांना ती चटकन कळेल. कारवीच्या काठ्या गुंफायच्या, वर शेणामातीचे लिंपण द्यायचे, आणि जेथे जोर पडतो तेथे भक्कम मेढ पुरायची. यीस्टच्या कुडात काठ्या आहेत त्या ग्लुकन नावाच्या पदार्थाच्या. ग्लुकोज साखरेचे कण एकामागोमाग एक ओवून झालेले हे लांब धागे. भिंतीचा निम्म्याहून थोडा अधिक भाग त्यांचाच. बाहेरचे लिंपण म्हणजे मॅनोज नावाच्या दुसऱ्या एका साखरेच्या माळा घातलेली प्रथिने. आणि मेढ म्हणजे कायटिन, कोळंबीच्या कवचात आणि झुरळाच्या पाठीत असते तेच. प्रमाणात अवघे एक-दोन टक्के, पण नेमके मोक्याच्या जागी.

बांधकामाची रीत तर अधिक मजेची. ग्लुकनचे धागे आत तयार होऊन बाहेर येत नाहीत. पेशीच्या पडद्यातच एक यंत्र बसवलेले असते. आतून ग्लुकोज घ्यायचे आणि बाहेर धागा सोडायचा, आपल्या घरी सोऱ्यातून शेव पडते तसा. लिंपणाची प्रथिने मात्र आत तयार होतात आणि इवल्या पिशव्यांत भरून दोरांवरून बांधकामाच्या जागी पोचवली जातात.

आता यीस्ट वाढते कसे, ते पाहा. आत दाब आहे, म्हणजे भिंत सैल केली तर फुटण्याची भीती. सैल न करावी तर वाढणे अशक्य. धावत्या सायकलचे टायर न थांबता मोठे करण्यासारखे हे काम. यीस्ट एक जागा निवडते. तेथे काही विशिष्ट प्रथिने गोळा होतात, जणू मुकादमाने खडूने खूण केली. तेवढ्याच जागी भिंतीचे धागे थोडे कापायचे आणि त्याच क्षणी नवे घालायचे. हळूहळू तेथे एक कोंब फुगतो. नानांना दिसलेले बारके अंडे ते हेच. कोंबाच्या गळ्याशी कायटिनचे कडे बसवलेले असते, तेथे गळा रुंद होऊ नये म्हणून. लेक मोठी झाली की गळा भिंतीने बंद होतो, ती वेगळी होते आणि आईच्या अंगावर बेंबीसारखा व्रण राहतो. हे व्रण मोजून यीस्टची आई किती बाळंतपणांची ते सांगता येते. साधारण वीस-तीस झाली की ती थकते.

आकाराचे गमक शोधायला भाकरी थापणाऱ्या बाईकडे पाहावे. हात गोल फिरवत थापली तर भाकरी गोल होते, एकाच कडेला थापत गेले तर लांबट. यीस्टचा कोंब आधी टोकाशी वाढतो, मग माल सगळीकडे पडू लागतो, म्हणून तो अंड्यासारखा होतो. कँडिडा मात्र मनात आणले तर टोकालाच माल टाकत राहते आणि अंड्याची शेवई होते. लॅबमध्ये याचीच परीक्षा करतात. रक्तातील पिवळसर द्रवात, म्हणजे सीरममध्ये, ३७ अंशांवर हे कँडिडा ठेवले की दोन-तीन तासांत त्याला नळीसारखा अंकुर फुटतो. पुष्कळ निरोगी माणसांच्या तोंडात व आतड्यात कँडिडा गुपचूप अंड्याच्या रूपात राहत असते, त्याचा त्रास नसतो. प्रतिकार कमी पडला की शेवया होतात आणि त्या नाजूक त्वचेत घुसतात. म्हणून नानांना भाकरी टोचत होती.

हा कूड सारवलाही जातो. भिंतीत पहारेकऱ्यांसारखी प्रथिने असतात. भिंत ताणली किंवा कुठे खचली की ती आत वर्दी देतात, आणि पेशी जास्तीचे कायटिन ओतून जागा भक्कम करते. शिवाय आपल्या पांढऱ्या पेशी ग्लुकनच्या काठ्या ओळखून शत्रू धरतात, तर कँडिडा त्या काठ्या बाहेरच्या लिंपणाखाली झाकून ठेवते. कुठल्याही गुप्तहेराला शोभेल असे हे वागणे आहे.

आता औषधांकडे वळू. प्रतिजैविकांनी नानांचे दुखणे का वाढले? पेनिसिलिन व त्याच्या भाईबंदांचा मारा जिवाणूंच्या भिंतीवर असतो. ती भिंत अगदी निराळ्या मालाची. यीस्टच्या कुडाला त्या औषधाचा धक्काही लागत नाही. उलट तोंडातले जे जिवाणू कँडिडाला धाकात ठेवतात तेच मरतात आणि रान मोकळे होते. दुसरे असे की जिवाणू आपल्यापासून फार दूरचे, त्यांना मारताना आपली पेशी वाचवणे सोपे. यीस्ट मात्र आतून पुष्कळसे आपल्यासारखेच आहे. त्याला केंद्रक आहे आणि पेशी दुभंगण्याची कळसुद्धा आपल्यासारखीच. ती कळ यीस्टवर उलगडणारे लेलँड हार्टवेल व पॉल नर्स यांना टिम हंट यांच्यासह २००१ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. एवढे साधर्म्य असलेल्याला विष द्यायचे तर आपल्यालाही थोडे बाधणारच.

मी कॉलेजात होतो तेव्हा तोंडातल्या बुरशीला निळे जेन्शियन व्हायोलेट फासत असू. लहान मुलांचे निळे ओठ पाहून आया घाबरत. गंभीर रुग्णांसाठी अॅम्फोटेरिसिन होते, पण त्याने थंडी भरे आणि मूत्रपिंडे दुखावत. हे अॅम्फोटेरिसिन, आणि नंतर सर्रास झालेली क्लोट्रिमॅझोल व फ्लुकोनॅझोल, यांचा रोख ट्यूबवर म्हणजे पडद्यावर असतो. बुरशीच्या पडद्यात कोलेस्टेरॉलऐवजी एर्गोस्टेरॉल असते, तेवढाच फरक पकडून ती काम करतात. पण आपल्याकडे अजिबात नाही अशी वस्तू एकच, ती म्हणजे भिंत. तिच्यावर थेट घाव घालणारे पहिले औषध, कॅस्पोफंजिन, २००१ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. स्पेनमध्ये सापडलेल्या एका बुरशीपासूनच त्याचा शोध लागला. ते ग्लुकनचा सोऱ्याच बंद पाडते. काठ्या नाहीत तर कूड ढासळतो आणि आतल्या दाबाने पेशी फुटते. हे औषध शिरेतून द्यावे लागते आणि महाग आहे, ते अतिदक्षता विभागातल्या रुग्णांसाठी. सर्व बुरशींवर ते चालतही नाही. २०२१ मध्ये कोरोनानंतर काळ्या बुरशीने आपल्या राज्यात जो कहर केला त्या बुरशीची भिंत वेगळ्या घडणीची, तेथे जुन्या अॅम्फोटेरिसिनचाच आधार होता आणि त्यासाठी नातेवाइकांना शहरोशहरी फिरावे लागले.

याही औषधाला तोंड देणाऱ्या बुरशी निघाल्या आहेत. २००९ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानात प्रथम सापडलेली कँडिडा ऑरिस अनेक औषधांना दाद देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची पहिली यादी काढली, त्यात हिला आणि आपल्या नेहमीच्या कँडिडा अल्बिकन्सला वरच्या गटात ठेवले आहे. म्हणूनच दुकानातून परस्पर आणलेले बुरशीचे औषध चार दिवस घेऊन सोडणे मला खटकते.

विशेषतः फ्लुकोनॅझोलची गोळी. अंगावर पांढरे जाऊन खाज सुटणाऱ्या अनेक बायका संकोचापोटी डॉक्टरकडे न येता ही गोळी मागवून घेतात. पांढरे जाणे प्रत्येक वेळी बुरशीचे नसते. बुरशीचे असून पुन्हापुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासायला हवी. साखरेची बुरशी हे नाव पावाच्या यीस्टला दिलेले, पण साखर वाढलेल्या शरीरात कँडिडाही सुखाने नांदते. मधुमेहाच्या काही गोळ्यांबरोबर फ्लुकोनॅझोल घेतले तर साखर एकदम उतरून घेरी येऊ शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांशीही त्याचे जमत नाही. गरोदरपणात तर ते आपल्या मनाने घेऊच नये. आणि ज्या मलमात बुरशीचे औषध, प्रतिजैविक व स्टेरॉइड असे तिन्ही एकत्र असते ते नायट्यावर लावू नका. खाज दोन दिवसांत थांबते, नायटा मात्र आतून पसरत राहतो. तरुण माणसाच्या तोंडात काही कारण नसताना असा पांढरा थर आला तर साखरेबरोबर एच. आय. व्ही.चीही तपासणी करावी लागते. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

पाव, इडली, आंबोळी बंद करायची का, असे नानांच्या सूनबाईंनी विचारले. मुळीच नाही. पावातले यीस्ट भट्टीत मरते, इडलीच्या पिठातले वाफेवर. आणि ते कँडिडा नव्हेच.

नानांना मी फवारा त्याच दिवशी पुन्हा सुरू करायला लावला. त्या फवाऱ्यात स्टेरॉइड असते. ते छातीत जायला हवे, पण बरेचसे जिभेवर बसते आणि तेथला पहारा ढिला करते. त्यावर उपाय फवारा सोडणे हा नाही. स्पेसर नावाची प्लॅस्टिकची नळी लावून फवारा घ्यावा आणि प्रत्येक वेळी नंतर पाण्याची चूळ भरून थुंकून टाकावी. रात्री कवळी काढून स्वच्छ करून ठेवावी. क्लोट्रिमॅझोलचे तोंडात लावायचे औषध दिले आणि थर दिसेनासा झाला तरी सांगितलेले दिवस पुरे करा असे बजावले, कारण आपल्याला न दिसणारी दहा-वीस अंडी उरली तर दीड तासाचा हिशेब पुन्हा सुरू होतो.

दोन आठवड्यांनी नाना आले ते दारातूनच "जागा आहे का?" विचारत. जीभ गुलाबी. काचपट्टी पुन्हा पाहायचा त्यांचाच हट्ट, म्हणून खरवडून पाहिले. एकही अंडे नव्हते. पण बॅटरीच्या उजेडात डाव्या गालात, जेथे ते तंबाखूची गोळी धरत, तेथे चवलीएवढा एक पांढुरका चट्टा दिसला. आधी तो बुरशीच्या थराखाली झाकलेला होता. पट्टीने खरवडला, निघाला नाही. मी त्यांना तसेच सांगितले आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. तेथे छोटा तुकडा काढून तपासला. कॅन्सर नाही, पण चट्ट्यावर नजर ठेवा, असा अहवाल आला. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. चुळा भरण्याचे काम नाना मात्र मनापासून करतात. सकाळी सात वाजता त्यांच्या ओट्यावरचा आवाज माझ्या घरापर्यंत येतो.